शंकर बारंगे पीत नव्हता

ज्यांना हे दुखणं आहे त्यांनी सुरुवातीची दोन पानं सोडली तरी चालेल. ते कसं असतं हे त्यांना ठाऊकच आहे. ज्यांच्या घरात कुणाला आहे त्यांनी मात्र वाचावं. कारण बघणाऱ्याला हे दुखणं ढोंग वाटतं, नशा वाटते, अंगात आल्यासारखं वाटतं. आजार वाटत नाही.

माझं नाव मधुकर गंधे, वय अठ्ठ्याहत्तर. मूळ नागपूरचा. नोकरीची सगळी वर्षं भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात गेली. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती कारखान्याची नव्हती, माझी होती. आमच्या रुग्णांच्या ग्रुपमधल्या नसरीनबाई मला म्हणाल्या होत्या, "गंधे अंकल, आप अपनी बीमारी का लिख डालिए, नए लोगों के काम आएगा." मी लिहायला बसलो. चार ओळी झाल्यावर लक्षात आलं की आजाराबद्दल खरं लिहायचं असेल तर शंकरबद्दल लिहावं लागेल. वही आठ दिवस मिटून ठेवली. आज उघडली आहे.

तीन वाजून दहा मिनिटं

पहिल्यांदा झालं तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो. फॅब्रिकेशन शॉपमध्ये, म्हणजे पोलाद कापून जोडायच्या विभागात, शिफ्ट इन्चार्ज होतो. होळीला दहा-बारा दिवस होते. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी उजव्या डोळ्यामागे काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. पाच मिनिटांत त्याचं तापलेलं ड्रिल झालं. उजवा डोळा लाल होऊन वाहायला लागला, पापणी अर्धी खाली आली, नाकाची तीच बाजू बंद झाली. डावी बाजू अगदी ठणठणीत. जणू नाकावरून रेघ मारून डोकं दोन माणसांत वाटून दिलं होतं.

या दुखण्यात पडून राहता येत नाही. बसता येत नाही. माणूस चालत सुटतो, भिंतीवर कपाळ टेकतो, तळहाताने डोकं बडवतो. पन्नास मिनिटांनी, कुणी स्विच बंद करावा तसं, ते थांबतं. मग माणूस तोंड धुऊन येतो आणि चारचौघांसारखा चहा पितो. इतका व्यवस्थित दिसतो की मघाशी काय झालं होतं हे सांगायची त्याची त्यालाच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन वाजून दहा मिनिटांनी आलं. रात्री झोप लागल्यावर तासा-दीड तासानेही यायचं. असं सहा आठवडे रोज चाललं, मग बंद झालं, ते थेट पुढच्या होळीपर्यंत. दुखण्यापेक्षा भीती वाईट. घड्याळात अडीच वाजले की माझ्या हाताला घाम सुटायचा.

मी कुणाला सांगितलं नाही. आमच्याकडे डोक्यावरून क्रेन जायच्या, खाली वीस-वीस टनांचे जॉब, म्हणजे काम चाललेले लोखंडी भाग, असायचे. डोळ्यापुढे अंधारी येणाऱ्या माणसाला तिथे कोण ठेवेल? मी तीनला पाच मिनिटं असताना हातात एखादा कागद घ्यायचो आणि "यार्डात जाऊन येतो" म्हणून निघायचो. हातात कागद असलेल्या साहेबाला सरकारी कारखान्यात कुणी विचारत नाही.

प्लेट यार्ड

शॉपच्या मागे पोलादी प्लेटा उभ्या रचून ठेवलेल्या असत. दोन थप्प्यांच्या मधे माणूस मावेल एवढी गल्ली होती. मी तिथे जाऊन पन्नास मिनिटं काढायचो. तिसऱ्या वर्षी एके दिवशी गेलो तर तिथे आधीच कुणीतरी होतं.

शंकर बारंगे. आमचा गॅस कटर. बैतूलकडच्या पवार समाजातला, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. गळ्यात तुळशीची कंठी. हातात कापायची गॅस टॉर्च घेतली की इंचभर जाडीच्या प्लेटमधून अशी सरळ रेघ कापायचा की नंतर ग्राइंडिंग करावं लागत नसे. तो प्लेटेला कपाळ लावून उभा होता. वळला तेव्हा त्याचा डावा डोळा लाल होता, पापणी उतरलेली होती, आणि फक्त त्याच डोळ्यातून पाणी वाहत होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आरशात पाहावं तसं. फक्त बाजू उलटी.

"साहेब, तुमालेही?" तो म्हणाला.

मी मान हलवली.

"बसू नका. बसलं का वाढते. आतल्या प्लेटेले कपाळ लावा, तिच्यावर ऊन नाही येत. थंडी राह्यते."

मी लावलं. थंड होती. दुखणं गेलं नाही, पण कपाळाला दुसरं काहीतरी समजत होतं, एवढा आधार झाला. पन्नास मिनिटं आम्ही त्या गल्लीत एकमेकांना वाट देत येरझाऱ्या घातल्या. त्याचं आधी थांबलं. तो गेला नाही, माझं थांबेपर्यंत उभा राहिला. मग म्हणाला, "साहेब, तुमचा उजवा दुखते, माझा डावा. दोघांचं मिळून एक तरी चांगलं डोकं निघंल."

मी त्या जागी कधी हसेन असं मला वाटलं नव्हतं.

दोन मोसम आम्ही असे काढले. शॉपमध्ये तो मला नुसता "नमस्ते साहेब" करायचा. यार्डाबद्दल त्याने कधी कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. या आजारात मला मिळालेला पहिला सोबती तो होता, हे मी इथे लिहून ठेवतो.

दोन ओळी

पाचव्या वर्षी मला बढती येऊ घातली होती. हेवी बेचा, म्हणजे अवजड कामांच्या विभागाचा, इन्चार्ज. त्यासाठी मेडिकल फिटनेसचं सर्टिफिकेट लागणार होतं.

त्याच फाल्गुनात, मी बढतीच्या मुलाखतीची तयारी करत केबिनमध्ये बसलो असताना, सिक्युरिटीच्या माणसाने शंकरला यार्डात पकडलं. तो थप्पीवर डोकं आपटत होता. डोळा लाल, पापणी उतरलेली, पाय ठरत नव्हते, तोंडातून शब्द नीट येत नव्हता. सिक्युरिटीवाल्याने जे कुणीही म्हणेल तेच म्हटलं, "ये तो टुन्न है साहब."

दवाखान्यात नेईपर्यंत त्याची पन्नास मिनिटं संपली होती. डॉक्टरांसमोर तो ठणठणीत उभा होता. त्यांनी लिहिलं, तपासणीच्या वेळी प्रकृती ठीक, डावा डोळा लाल. मग कागद माझ्यापुढे आला. शिफ्ट इन्चार्जने दोन ओळी लिहायच्या आणि सही करायची, अशी पद्धत होती.

मला शंका होती असं मी म्हणणार नाही. जगात तेव्हा दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, मला कळत होतं. त्याला काय झालं होतं, किती वाजता झालं होतं, किती वेळ टिकलं असेल, सगळं. पण "हा आजार आहे" असं लिहिलं की पुढचा प्रश्न येणार होता, तुम्हाला कसं माहीत? मी लिहिलं, "सदर कामगार कामाच्या वेळेत नशेत असल्याचे दिसून आले." हिंदीत लिहिलं होतं, अर्थ हाच. खाली सही केली.

चौकशीत शंकरला विचारलं, तुझ्या बाजूने बोलणारं कुणी आहे का? तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साहब से पूछ लो."

मला विचारलं. मी म्हणालो, "मैंने जो देखा, वो लिखा है."

त्याने तरीही माझं नाव घेतलं नाही. "हे साहेबसुद्धा तिथेच येतात" एवढं तो म्हणू शकला असता. आजवर मला हे कोडं सुटलेलं नाही.

त्याची नोकरी गेली नाही. पण नशेबाजाच्या हातात टॉर्च कोण देणार? त्याला भंगार यार्डात टाकलं, ते निवृत्त होईपर्यंत. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये बातमी पसरायला दोन दिवस लागले. तो दर गुरुवारी मंदिराच्या हॉलमध्ये भजनी मंडळात मृदंग वाजवायचा. तिथे कुणीतरी म्हणालं, "अरे, कंठीवाल्याला चढली रे!" सगळे हसले. मी त्या दिवशी हॉलमध्ये होतो. पुढच्या गुरुवारी शंकर आला नाही. काही दिवसांनी गेटवर दिसला तेव्हा गळ्यात कंठी नव्हती.

मला बढती मिळाली.

दाढा आणि जिलबी

पुढची वीस-बावीस वर्षं मी काय काय केलं ते नव्या रुग्णांनी वाचावं, म्हणजे त्यांचा तेवढा वेळ वाचेल. टी. टी. नगरातल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे उजव्या बाजूच्या वरच्या दोन दाढा काढून घेतल्या. चांगल्या होत्या, मीच हट्ट धरला होता. सायनस धुऊन घेतलं. चष्मा तीनदा बदलला. आणि भोपाळमध्ये राहणाऱ्या प्रत्येक डोकेदुखीवाल्याच्या नशिबी असते ती जिलबी झाली. सूर्य उगवायच्या आत, कुणाशी न बोलता, गरम जिलबी दुधात बुडवून खायची, अर्धशिशी जाते म्हणतात. माझी पत्नी सुमन चाळीस दिवस पहाटे डबा घेऊन हलवायाकडे गेली. माझं वजन चार किलो वाढलं, डोकं जिथल्या तिथे.

एकदा मुलगी मेधा, तेव्हा नववीत असेल, मी गॅलरीच्या कठड्यावर डोकं आपटत असताना मधे आली. मी तिला ढकललं. ती पडली. लागलं नाही फार. पण नंतर कितीतरी दिवस फाल्गुन लागला की ती मैत्रिणीकडे अभ्यासाला जायची. मी कुठे चाललीस विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

निदान

निवृत्तीनंतर एका होळीत दुखणं असं आलं की दिवसाला पाच-पाच वेळा. मेधाने, तिचं तेव्हा लग्न झालेलं होतं, येऊन मला एका हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. डोक्यात गाठ असणार, असं मी धरून चाललो होतो. खरं सांगायचं तर गाठ निघाली तर बरं, असंच वाटत होतं. निदान लोकांना दाखवता येईल असं काहीतरी.

हॉस्पिटलचा दिवस सहाला सुरू व्हायचा. ब्लडप्रेशर, मग पातळ चहा, मग फरशी पुसणारी बाई, मग राउंड. तपासण्यांत काही निघालं नाही. न्यूरॉलॉजीचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी कुणी कधी विचारला नव्हता असा प्रश्न विचारला, "दर्द के टाइम आप लेटते हैं या चलते हैं?"

माझ्या आधी सुमन बोलली. "चलते हैं. हॉल से गॅलरी, गॅलरी से हॉल. फरशी झिजली आमची."

डॉक्टर दुपारी तीन वाजता खुर्ची घेऊन माझ्या पलंगाशी येऊन बसले. गाडीची वाट बघावी तसं घड्याळ बघत. तीन दहाला ती आली. त्यांनी माझ्या डोळ्यावर टॉर्च मारली, पापणी पाहिली, बाजूला झाले आणि मला चालू दिलं. वॉर्डात असं फिरायला मनाई होती. पण केरळच्या एक सिस्टर होत्या, त्यांनी कॉरिडॉरमधल्या दोन व्हीलचेअर हलवून मला रस्ता करून दिला. "चलो दादाजी, चलो," एवढंच म्हणाल्या. गेल्या चाळीस वर्षांत मला ज्यांनी ज्यांनी आराम दिला त्यांत त्या आहेत.

थांबल्यावर डॉक्टर म्हणाले, "अंकल, ये आपका वहम नहीं है. इसका नाम क्लस्टर हेडेक है. माइग्रेनवाले अंधेरे में लेटते हैं, आप लोग चलते हैं."

आप लोग. म्हणजे आणखी आहेत. सुमन पदराने डोळे पुसत होती, आणि मला त्याच क्षणी यार्डातली गल्ली आठवली. मी ओळखत होतो की आणखी एकाला.

काळं सिलिंडर

यावर उपाय म्हणजे, गोळ्या आणि इंजेक्शनांखेरीज, ऑक्सिजन. दुखणं सुरू होताच मास्क लावून, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेगाने, पंधरा-वीस मिनिटं. सगळ्यांना लागू पडतोच असं नाही. मला पडला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी करू नये, आणि त्या खोलीत काडीसुद्धा ओढू नये.

सिलिंडर घरी आलं. काळं, फक्त खांदे पांढरे. दुकानातला माणूस ते हॉलच्या कोपऱ्यात उभं करून गेला आणि मी त्याच्याकडे बघत बसलो. आमच्या शॉपमध्ये अशीच काळी सिलिंडरं भिंतीला साखळीने बांधून रांगेत उभी असत. ती कापायच्या गॅसची, माणसाने ओढायची नव्हेत, पण आत होता तो हाच. शंकर सबंध दिवस ऑक्सिजन हाताळायचा आणि तीन वाजता थंड लोखंडाला डोकं लावायला जायचा.

पहिल्यांदा मास्क लावला तेव्हा अठराव्या मिनिटाला दुखणं उतरलं. पन्नासऐवजी अठरा. सुमन म्हणाली, "रडताय कशाला आता?" मी तिला सांगितलं नाही.

"हूँ"

नसरीनबाई शाळेत गणित शिकवतात. जुन्या भोपाळात राहतात, आजार बारा वर्षांपासून. त्यांनी शहरातल्या आणि आसपासच्या क्लस्टरवाल्यांचा फोनवर ग्रुप केला आहे. महिन्यातून एकदा बिट्टन मार्केटमागे एका फिजिओथेरपीच्या खोलीत आम्ही भेटतो. येणारे दहा-बारा. पहिल्या दिवशी मी दारात उभा राहिलो तर आत एक जण भिंतीशी येरझाऱ्या घालत होता आणि बाकीचे त्याला वाट सोडून शांतपणे गप्पा मारत होते. कुणी "पाणी देऊ का" म्हणालं नाही. कुणी धरलं नाही. मला वाटलं, मी घरी आलो.

ग्रुपचे नियम तीन. दुखणं सुरू झालं की फक्त एक ठिपका टाकायचा, त्या वेळी दुसरं काही लिहिताच येत नाही. जो कुणी जागा असेल त्याने "हूँ" लिहायचं, म्हणजे मी आहे. बाकी एक शब्द नाही. थांबलं की "गया". तिसरा नियम, जो जलेबीचं नाव काढेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. दर महिन्याला एखादा नवीन माणूस चहा पाजतो.

सत्तरीनंतर माझं दुखणं हळूहळू येईनासं झालं. काहींचं होतं तसं. मी ग्रुप सोडला नाही. म्हाताऱ्याला झोप नसते, मी सगळ्यांच्या ठिपक्यांना "हूँ" लिहायचो. कुणाच्या तरी उपयोगी पडतोय या समाधानात माझं बरं चाललं होतं.

ठिपका थांबला

गेल्या वर्षी नसरीनबाईंनी ग्रुपमध्ये एक नवीन नाव घातलं. शंकर बारंगे, अवधपुरी. त्याच्या सुनेने, ज्योतीने, कुठेतरी या आजाराबद्दल वाचून नसरीनबाईंना शोधलं होतं. म्हणजे तिच्या सासऱ्याला निदान मिळायला सत्तरी लोटावी लागली, आणि ते मिळालं सुनेकडून. त्याचं दुखणं वयानेही थांबलेलं नव्हतं.

पहिले नऊ दिवस रोज त्याचा ठिपका यायचा. सगळे "हूँ" लिहायचे. मी लिहिलं नाही. नऊ दिवस मी फोन हातात धरून बसलो. दहाव्या दिवशी वाटलं, आता नाही लिहिलं तर मग कशाला आहे मी इथे? मी लिहिलं, "हूँ." माझ्या नावासकट ते तिथे उमटलं.

त्यानंतर शंकरचा ठिपका आला नाही.

मोसम संपला असेल, असं मी स्वतःला सांगत होतो. पण महिन्याच्या बैठकीत नसरीनबाईंनी सांगितलं, "बहू बता रही थी, दर्द तो रोज़ है. बस लिखते नहीं. पता नहीं क्या हुआ."

काय झालं ते त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. एका माणसाला चाळीस वर्षांनी सोबत मिळाली होती, आणि मी तिथेही जाऊन उभा राहिलो होतो. ग्रुप सोडून द्यावा, तो परत येईल, असं मनात आलं. पण ते पुन्हा कागद हातात घेऊन यार्डात निघून जाण्यासारखंच झालं असतं.

सुमन

तिला सांगायला मला सगळ्यात जड गेलं. संध्याकाळी सांगितलं. ती मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, हात थांबला नाही. मग म्हणाली, "शांता."

शांता म्हणजे शंकरची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"दर संक्रांतीला हळदीकुंकवाला यायची. त्यानंतरच्या संक्रांतीला मी बोलावलं नाही. दारुड्याच्या घरी वाण कशाला, असं कुणीतरी म्हणालं आणि मी बरं म्हटलं. पुढे कधीच बोलावलं नाही. मार्केटात दिसली की मी दुसऱ्या रांगेत जायचे." आता तिचा हात थांबला. "तुम्ही तुमचं पाप केलंत ते केलंत. माझ्या हातूनही करवलंत. आणि ती मेल्यावर सांगताय?"

चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. पाचव्या दिवशी म्हणाली, "ज्योतीचा नंबर घ्या त्या नसरीनकडून. मी येते बरोबर."

अवधपुरी

शंकर अंगणात खुर्चीवर बसला होता. केस सगळे पांढरे, खांदे अजून कटरचेच. तो उठला नाही. म्हणाला, "या साहेब. बसा वहिनी."

मी घरून पाठ करून गेलो होतो, सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "शंकर, मी खोटं लिहिलं होतं. मला माहीत होतं तू प्यायला नव्हतास."

"मलेही माहीत होतं का तुमाले माहीत आहे."

ज्योतीने चहा आणला, ठेवला, आत गेली. सुमनही तिच्यामागे गेली. मी सांगितलं, मी कारखान्याला लिहून देतो, सहीनिशी, रेकॉर्ड दुरुस्त करा म्हणून.

शंकर हसला. "कोणतं रेकॉर्ड? तो कागद कबाडीत जाऊनही वीस वर्षं झाली असतीन. कागद वाचून माझ्यावर कोण हसलं होतं साहेब? लोक हॉलमधी हसले होते. तुमी बसले होते तिसऱ्या रांगेत."

म्हणजे त्याने मला पाहिलं होतं.

"तिथं सांगा," तो म्हणाला. "सांगायचं असंल तर."

निघताना मी विचारू नये ते विचारलं. "कंठी पुन्हा घातली नाहीस?"

"सवय मोडली," तो म्हणाला.

गुरुवार

भजनी मंडळ अजून आहे. हॉलला नवी फरशी आणि पंखे. त्या वेळच्या लोकांपैकी चौघे उरलेत, बाकी नवे. मृदंग आता दुसरं कुणी वाजवतं. शंकर आला आणि मागे भिंतीला टेकून बसला. मी आरतीच्या आधी उभा राहिलो. ज्याने चार हजार माणसांच्या कारखान्यात बिनधास्त भाषणं केली, त्याने पंचवीस माणसांसमोर पहिलं वाक्य दोनदा सुरू केलं. मी आजाराचं नाव सांगितलं, डोळा कसा लाल होतो ते सांगितलं, मला स्वतःला तो आहे हे सांगितलं, आणि मग ती दोन ओळींची गोष्ट सांगितली. कारणासकट. बढतीसकट.

त्या चौघांतले देशकर पुढे बसले होते, त्यांना ऐकू कमी येतं. त्यांनी शेजाऱ्याला मोठ्याने विचारलं, "काय म्हणतायत हे?"

शेजारी त्यांच्या कानात ओरडला, "म्हणतायत, बारंगे पीत नव्हता!"

"हात्तिच्या," देशकर म्हणाले, "ते तर मला तेव्हापासूनच ठाऊक होतं!"

आणखी दोघा-तिघांनी माना हलवल्या. त्यांनाही ठाऊक होतं म्हणे. तेव्हा एकालाही ठाऊक नव्हतं. मी मागे पाहिलं. शंकर खाली बघत होता, त्याचे खांदे हलत होते. रडतोय असं वाटून मी घाबरलो. तो हसत होता. मग आरती सुरू झाली.

तो माझ्याशी न बोलता घरी गेला. मी अपेक्षा केली नव्हती. हे लिहिताना मात्र कबूल करतो की थोडी केली होती.

मंगळवार

दोन महिने गेले. या मंगळवारी दुपारी मी आणि सुमन मटार सोलत बसलो होतो. तीन वाजून गेले होते. फोन वाजला. शंकर बारंगे. एक ठिपका.

माझ्या आधी पाच जणांचं "हूँ" येऊन गेलं. तो ठिपका माझ्यासाठी नव्हता हे मला कळतं. दुखत होतं म्हणून टाकला होता. पण मी तिथे आहे हे माहीत असून टाकला होता.

मी लिहिलं, "हूँ."

"कोण?" सुमनने विचारलं.

"शंकर."

तिने मटारांची परात बाजूला सारली, आत जाऊन गॅस बंद करून आली आणि माझ्याशेजारी बसली. मी घड्याळाकडे बघत होतो. मला त्या गल्लीतला प्रत्येक फेरा माहीत होता. आता तो खिडकीपाशी गेला असेल. आता वळला असेल.

त्याच्याकडे अजून सिलिंडर आलेलं नाही, पुढच्या आठवड्यात येणार आहे. म्हणून पूर्ण पन्नास मिनिटं लागली. मग त्याचा दुसरा मेसेज आला. ग्रुपमध्ये सगळे "गया" लिहितात. मराठी वाचणारे तिथे आम्ही दोघंच आहोत. त्याने लिहिलं होतं, "गेलं."

सुमनने उठून चहा टाकला.